पटाच्या शेवटी उभं राहणारी

माझा धाकटा भाऊ आला तेव्हा मी गव्हाणीत कुटार टाकत होते. "ताई, यंदाच्या पटात मी जोडी उतरवून राह्यलो," तो म्हणाला. सांगितलं कसं, तर बाजारातून मिरची आणायला चाललो असं सांगावं तसं.

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"हाय. अकरा महिने झाले, ठिकाणावरच हाय."

अकरा महिने म्हणजे त्यानं दारू सोडली त्याला. मी आमच्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हात नको तितका जड पडत होता. पांढऱ्यानं कातडी थरकवली आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बैलांना आपलं सगळं कळतं, माणसांना थापा मारता येतात.

आमच्या आदिलाबादकडं, बोथ आणि इचोड्याच्या पट्ट्यात, कापूस घरात आला की गावोगाव शंकरपट भरतात. हलकी छकडी, तिला दोन बैल, वर उभा एकच माणूस. त्याला धुरकरी म्हणतात. झेंडी पडली की जोडी सरळ पट्टीवरून सुटते आणि दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. आता काठी चालत नाही, टोचायची तुतारी चालत नाही. मारलं की जोडी बाद. बैल पळतात ते धुरकऱ्याच्या आवाजावर, आणि आमच्या घरची जोडी आणखी एका गोष्टीवर पळते. ती गोष्ट म्हणजे मी.

आमची रीत अशी की जिनं जोडी पोसली तिनं पट्टी संपते त्याच्या पुढं, मोकळ्या जागेत, अगदी मधोमध उभं राहायचं. हातात सरकीच्या ढेपेचा पत्र्याचा डबा. तो वाजवायचा. रोज संध्याकाळी शाळेतून आले की मी तोच डबा वाजवते आणि ढेप घालते, म्हणून त्या आवाजाकडं बैल नाकासमोर धावत येतात. रेघ ओलांडली की धुरकरी कासरा ओढतो, बैल थांबतात. थांबतात म्हणजे थांबायचे असतात. उभं राहणाऱ्या बाईला काम एकच, हलायचं नाही. ती हलली की बैल तिच्या मागं वळतात, आणि भरधाव बैल वळले की छकडी कुठं जाईल ते कोणाच्याच हातात राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी हलले.

फार नाही, दोन पावलं. उजवीकडं. ठरवून नाही हो, कोण ठरवून असं करेल? जोडी जवळ आली, छकडीचं एक चाक उचललं गेल्यासारखं मला दिसलं, पांढऱ्याच्या नाकपुड्या दिसल्या, आणि पाय आपले आपण निघाले. बैल वळले. चाक बांधावर चढलं. नंतरचं मला सलग आठवत नाही. तांबडा बैल खाली पडून ओरडत होता एवढं आठवतं, बैल तसा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. भावाचा पाय दोन ठिकाणी मोडला. तांबडा त्याच संध्याकाळी गेला.

लोक धावत आले आणि कोणी काही विचारायच्या आतच ठरवून मोकळे झाले: प्यायला असेल. ठरवायला कारणही होतं. हा माझा भाऊ सोळाव्या वर्षापासून धुरकरी. आमचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या बैलांमागं चालला, आणि हा पोरगा त्याच मोठ्या शेतकऱ्यांच्या जोड्या पळवायला लागला तेव्हा इचोड्याचे व्यापारी त्याला घ्यायला मोटरसायकलवर आमच्या दारात यायचे. बिथरलेला बैल असो, नवीन असो, हा त्याच्या कानाशी जीभ टाळ्याला लावून टक-टक असा आवाज करायचा, की बैल ऐकायचा. पण जिंकला की प्यायचा, हरला की जास्त प्यायचा. एकदा बक्षीस घ्यायला गेला आणि स्टेजवरूनच खाली पडला. भांडणं तर विचारूच नका. मग अशा माणसाची छकडी उलटली तर कोण म्हणणार की त्याच्या बहिणीचे पाय हलले?

त्या दिवशी मात्र त्यानं थेंब घेतला नव्हता. सकाळी माझ्या हातची भाकर खाऊन, मी भरलेलं पाणी पिऊन निघाला होता. हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. आधी दवाखाना होता, तेव्हा कुठं बोलायचं? मग माय त्याला शिव्या घालत होती, तेव्हा मध्ये पडायची हिंमत झाली नाही. मग तो स्वतःच काही बोलेना. लोक म्हणायचे, "घेतली होती ना रे?" हा खाली पाहायचा. मला वाटलं, पडल्यापासूनचं त्याला काही आठवतच नसेल. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी शाळेतली मास्तरीण, पोरं मला "टीचर, टीचर" करतात, खोटं बोलू नका म्हणून मीच त्यांना कान धरून उभं करते. आणि त्या पडण्यानंतर मात्र भाऊ खरंच पिऊ लागला, दिवसाढवळ्या. जोडी मोडली, छकडी परसात पडून राहिली, कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या.

दर पौर्णिमेला आम्ही विहारात जातो. सगळे मिळून पंचशील म्हणतो, मोठ्यानं. पाचवं शील दारूचं: मी नशा करणार नाही. भाऊ चार शीलं म्हणायचा आणि पाचव्याला गप्प. पाठीमागच्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या. निदान खोटं तरी बोलत नाही बाप्पा, अशी मस्करी चालायची. पण त्याच्या आधीचं, चौथं शील असतं खोटं न बोलण्याचं, आणि तिथं मी गप्प असायचे ते कोणाच्या कानावर येत नव्हतं. बायांच्या आवाजात एक आवाज कमी झाला तर कोणाला कळतंय! गेल्या वर्षी एका पौर्णिमेला त्यानं पाचवं शील म्हटलं, घोगऱ्या आवाजात, सगळ्यांच्या मागून. माय तिथंच रडली. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं.

तर असा हा माणूस आता परत पटात उतरणार होता आणि विचारत होता, "तू उभी राह्यशीन ना?"

"दुसऱ्या कोणाले उभं कर."

"बैल दुसऱ्याकडं येतीन का? कायची गोष्ट करतेस!"

तेही खरंच होतं. नवा तांबडा आम्ही उटनूरच्या बाजूनं वासरू असताना आणला, तोही माझ्याच डब्यावर वाढला. मी नाही म्हटलं तर जोडी पळणार नाही, आणि जोडी पळाली नाही तर हा माणूस पुन्हा कशावर जगेल याची मला भीती होती. मी हो म्हटलं तर मी परत हलेन याची भीती होती. रात्री नाही, दिवसाच भीती वाटायची, वर्गात फळ्यावर गणित लिहिताना. तीन गुणिले चार लिहायचं आणि खडू थांबायचा. पोरं म्हणायची, "टीचर, बारा." मी म्हणायचे, "ठाऊक हाय मला, गप बसा."

पडीक वावरात सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी त्यानं जोडी लांबून सोडली आणि मी डबा टाकून बाभळीमागं पळाले. सरळ पळाले, लाज सोडून. साडी काट्यात अडकली. मला वाटलं आता ओरडेल, तो तसाच तापट. पण तो उतरला, लंगडत आला, सांडलेली ढेप मातीतून वेचून डब्यात भरली आणि म्हणाला, "आज एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यानं जोडी नुसती चालवत आणली, वेसणीला धरून. बैल माझ्यापर्यंत आले, ढेप खाल्ली, झालं. आठवडाभर चालवत. मग दुडक्या चालीनं. मग जरा जोरात. मी मनात म्हणायचे, बैलांना किती हळू हळू तयार करतो हा, पूर्वी तर एका दिवसात धावायला लावायचा. बैल केव्हाच तयार होते, तयारी माझी चालली होती, हे माझ्या डोक्यात शिरायला फार उशीर लागला.

"त्यायच्या डोळ्याले पाहू नको," तो सांगायचा. "जुवाच्या मधात कडी हाय ना, तिकडं पाह्य. बाकी काही पाह्यचंच नाई."

"आणि कडी माझ्या अंगावर आली तर?"

"तर मी काऊन हाव वरतं?"

माय ओट्यावरून ओरडायची, "एकाचा पाय मोडला, आता दोघं मरा!" माझ्या मनातलंच ती मोठ्यानं बोलायची.

पटाच्या दिवशी सकाळी भाकर तशीच झाकून ठेवली. एक घास खाल्ला नाही. मैदानावर हीऽ गर्दी. टेम्पोतून जोड्या उतरत होत्या, जनावरांचे डॉक्टर एकेका बैलाचे पाय दाबून पाहत होते, भजी तळली जात होती. माइकवर एक बोलका माणूस होता. तो प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि लगेच तेलगूत म्हणायचा, मध्ये हिंदीचा तडका. भावाचं नाव पुकारलं तेव्हा तो हसत म्हणाला, "या जोडीचे धुरकरी आज स्वतःच्या पायावर आले, टाळ्या वाजवा!" लोक हसले. तेच त्यानं तेलगूत म्हटलं, तेव्हा उरलेले हसले. भावानं मुंडासं बांधता बांधता माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, जा म्हणून.

मी डबा घेऊन पट्टी संपते तिकडं चालत गेले. एवढं लांब अंतर मी आयुष्यात चालले नसेन. मधोमध उभी राहिले. डबा आपोआपच वाजत होता, मुद्दाम वाजवायची गरजच नव्हती. एक पोलीस धावत आला. "अम्मा, जरगंडी! जरगंडी!" म्हणजे बाई, सरका, सरका. जगात कोणीही मला तो शब्द म्हणायला नको होता, नेमका तोच.

"सरकता येत नाही," मी म्हटलं. "माझीच जोडी हाय."

त्यानं कपाळावर हात मारला आणि स्वतः सरकला.

लांब टोकाला छकडी दिसत होती, काडेपेटीएवढी. त्यावर भाऊ. चेहरा दिसत नव्हता. मला एकदम वाटलं, ओरडून सांगावं त्याला, थांब, मी हलले होते, माझा भरवसा धरू नको, मी खोटारडी बाई आहे. तोंडही उघडलं असेल. झेंडी पडली.

आधी आवाज येतच नाही, नुसती धूळ येते. मग जमिनीतून येतं, तळपायाला. मी डबा वाजवला. बाजूनं हजार लोक ओरडत होते, ते मला आठवतं ते नुसती तोंडं म्हणून. मी कडी शोधत होते. कडी दिसेना. पांढऱ्याची मान दिसली, तांबड्याचं शिंग दिसलं, फेस दिसला, मेलं ते चाक दिसलं, तसंच, उचलल्यासारखं. उजवा पाय उठला. खरं सांगते, उठला. टाच वर आली होती. मला जुन्या तांबड्याचं ते ओरडणं ऐकू आलं, तीन वर्षांपूर्वीचं. मी टाच खाली दाबली, मातीत खिळा ठोकावा तशी. आणि कडी दिसली. पितळेची, वाटोळी, सरळ माझ्या छातीच्या रेषेत. मी तिच्याकडं पाहत राहिले आणि मोठ्यानं चौथं शील म्हणायला लागले, काऊन ते ठाऊक नाही, त्या वेळी तोंडात तेवढंच आलं.

मग गरम श्वास तोंडावर आला. तांबड्याचं तोंड डब्यात होतं. पांढरा त्याला ढकलत होता. भाऊ कासरा दोन्ही हातांनी ओढून मागं रेललेला, मुंडासं सुटून गळ्यात आलेलं.

"पाह्य," तो धापा टाकत म्हणाला, "आले ना."

मी मटकन खाली बसले. पाय ओले झाले होते, ते घामानं की कशानं ते मी कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवसाची सगळ्यात जलद जोडी आमची ठरली. दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी व्हायची होती. भावाला स्टेजवर बोलावलं, नारळ दिला, खांद्यावर दुपट्टा टाकला. आणि तो माइकवाला, वाईट नव्हता हो तो, गर्दीला हसवणं त्याचा धंदा, तो म्हणाला, "मागच्या टाइमला बाटली गाडी चालवत होती, आज माणूस चालवून राह्यला!" मैदान हसलं. मग तेलगूत. पुन्हा हसलं. भाऊही हसला. दोन्ही हात जोडून, मान खाली घालून हसला, तीन वर्षांत जसा सगळीकडं हसत आला तसा. जवळजवळ वर्षभर सुका राहिलेला माणूस, आत्ता मरणाच्या तोंडातून जोडी सरळ आणलेला माणूस, आणि हात जोडून हसतो!

माझं टाळकंच सरकलं. राग त्या माइकवाल्याचा नव्हता. मी स्टेजच्या पायऱ्या चढले. बैलांसमोर वाटली नव्हती एवढी भीती वाटली. समोर माझ्या शाळेतल्या पोरांचे बाप होते, सोबतचे मास्तर होते, विहारातल्या त्याच कोपर मारणाऱ्या बाया होत्या. मी माइक मागितला. त्याला वाटलं, बहीण आशीर्वाद देणार. त्यानं तो माझ्या तोंडापुढं धरला.

"त्या वर्षी यानं घेतली नव्हती," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना, चारी बाजूंनी माझ्याच अंगावर येत होता. "सकाळी माझ्या हातचं जेवून निघाला होता. जोडी समोर आली आणि मी भ्याले. मी हलले. दोन पावलं. बैल माझ्यामुळं वळले. तांबडा माझ्यामुळं गेला. याचा पाय माझ्यामुळं मोडला. आणि मी तीन वर्षं गप्प बसले."

आणि काय सांगावं, त्या माइकवाल्याला सवयच तशी, त्यानं ते सगळं तेलगूत म्हटलं. एकेक वाक्य. मी हलले, मी भ्याले, मी गप्प बसले. तो सांगत होता आणि त्याचाच आवाज बारीक होत चालला होता. मी तिथं उभी राहून दुसऱ्यांदा ऐकलं सगळं. कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "अरेरे," आणि ते बैलाला होतं, भावाला होतं की मला, कळलं नाही.

भावानं माझं मनगट धरलं आणि मला स्टेजमागं, टेम्पोच्या आडोशाला ओढत नेलं. मला वाटलं आता हा मला मारेल. मारावं असंही वाटत होतं.

"काऊन सांगतलं तू?" तो दात खाऊन म्हणाला. डोळे लाल. "काऊन सांगतलं? आता कमिटीवाले तुले उभं राहू देतीन का उद्या?"

मला आधी कळलंच नाही तो काय बोलतो आहे.

"तुले... तुले मालूम होतं?"

"धुरकरी कुकडं पाह्यते ताई? पुढंच पाह्यते ना. पुढं तर तूच होतीस."

"मंग तीन वर्षं लोक तुले दारुडा म्हणत राह्यले, मायनं शिव्या घातल्या..."

"दारुडा तर होतोच मी. त्यात एक दिवस जास्तीचा लिवला गेला, काय बिघडलं?" तो खाली बसला, मोडका पाय पुढं लांब करून, आणि मुंडाशानं तोंड पुसू लागला. बराच वेळ पुसत होता. "तुह्यं नाव घेतलं असतं तं तुले कोणी पट्टीवर येऊ देल्लं नसतं. अन् तूही आली नसतीस. मंग बैल कोणाकडं येतीन?"

मी त्याच्याजवळ मातीतच बसले. माफ कर म्हणायचं राहूनच गेलं. नाक पदराला पुसलं. दोन्ही बैल टेम्पोच्या चाकाला बांधलेले होते, ते आमच्याकडं पाहत रवंथ करत होते. स्टेजवर माइकवाल्यानं दुसऱ्या नंबरच्या जोडीचं नाव पुकारलं, आधी मराठीत, मग तेलगूत.

"कमिटीले मी पाह्यतो," भाऊ शेवटी म्हणाला. "उद्या राह्यशीन?"

"टाच उचलली होती मी आजही," मी सांगितलं. आता काही लपवायचं नव्हतं.

"पाह्यली ना."

त्यानं हात लांबवून डबा उचलला, हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही, तांबड्यानं सगळं चाटून खाल्लं होतं. तो त्यानं माझ्या मांडीवर ठेवला.

"भरून आण," तो म्हणाला.